बोरकुटेबाबूंची रेघ

आमच्या ओळीत कोणी कोणाला काहीही विचारावं, पण बोरकुटेबाबूंना वेळ विचारू नये, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. चांद्याला बिनबा दरवाज्याच्या आत भाड्याच्या खोल्यांची ती ओळ, त्यांच्या आणि आमच्या खोलीत एक कुडाची भिंत. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकतीच लागले होते आणि आमच्या घरात घड्याळ नव्हतं. सकाळच्या घाईत मी विचारून बसले, "किती वाजले हो, बाबू?"

गृहस्थांनी आधी ओट्यावरच्या उन्हाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "गवळी आला तवा सात झाले होते. तुमच्या शाळेची पहिली घंटा अजून व्हायची आहे. ऊन दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर सरकून राह्यलं. म्हंजे आठाले कमी, पण पावणेआठाच्या वर."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबत होती. मी म्हटलं, "अहो, घड्याळ आहे ना तुमच्याकडं!"

"घड्याळात पाहून कोनीही सांगते, बाई. दोन टोकं भेटली का मधलं आपल्याले काढता आलं पाह्यजे," असं म्हणून त्यांनी घड्याळ काढलं, पाहिलं, आणि स्वतःवर इतके खूश झाले की मला उशीर झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

दोन टोकं सांगा, मधलं मी भरतो. हे त्यांचं पालुपद होतं. आमच्या सासूबाईंना स्वतःचं वय ठाऊक नव्हतं. बाबूंनी त्यांना गाठलं. लग्न झालं तेव्हा परकराला गाठ मारता येत होती का, थोरला झाला तेव्हा गावात साथ होती का, धाकट्याच्या वेळी केस पिकले होते का, असं खोदून खोदून विचारलं आणि पाटीवर एक तिरपी रेघ ओढून वय सांगून टाकलं. सासूबाई संतापल्या. "मेल्या, एका रेघेत मला थेरडी करून ठेवलीस!" पुढं दोन दिवस त्या त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जात. इंदूवहिनी, म्हणजे बाबूंची बायको, भिंतीपलीकडून ओरडली, "सांगत होती मी, बायांचं वय काढू नका म्हणून!"

तलाव-कालव्यांच्या एका कचेरीत ते नकाशे काढत. हुद्दा हेड ड्राफ्ट्समनचा, पण हिवाळ्यात मोजणीची तुकडी निघाली की हेही मच्छरदाणी बांधून निघायचे. टेबलावर बसून जमीन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंगानं किडकिडीत, कानावर पेन्सिल, आणि उजव्या हाताची करंगळी कायम शाईनं काळी. रेघ ओढताना ती कागदावर टेकवून हात पुढं सरकवायचा, ही त्यांची सवय होती. जेवायला बसले तरी करंगळी तशीच ताठ असायची. लोक त्यांना हसत, पण हात मात्र मानत. नागपूरपर्यंत त्या हाताचं नाव होतं.

माझ्या शाळेतली गंमत सांगते. समोच्च रेषा शिकवता शिकवता मी रडकुंडीला आले होते. पुस्तकातल्या त्या वळ्यावळ्यांच्या चित्राला मुली जिलबी म्हणायच्या. शेवटी मी बाबूंनाच बोलावलं. ते आले ते परात घेऊनच. परातीत मातीचा ओला डोंगर केला, तळाशी पाणी ओतलं, पाण्याची कड जिथं लागली तिथं हळदीची रेघ ओढली. आणखी पाणी, आणखी रेघ. मग पाणी काढून टाकलं आणि मुलींना वरून पाहायला लावलं. "ही पाहा तुमची जिलबी. जेथवर पानी, तेथवर रेघ."

मग त्यांनी मुलींना पटांगणात ओळीनं उभं केलं. जमीन अशी पाण्यानं आखून मिळत नाही, म्हणाले. खुंट्या ठोकून थोड्या जागांची उंची मोजायची आणि दोन खुंट्यांच्या मध्ये जमीन सारख्या उतारानं उतरते असं धरून चालायचं. एक खुंटी दहावर, दुसरी वीसवर, तर पंधराची रेघ मधोमध. "पहिल्या पोरीची उंची सांगा, शेवटच्या पोरीची सांगा. मधल्या साऱ्याइची मी सांगतो," असं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आमच्या मुली काय कमी! त्यांनी पाचवीतली एक चिमणी पोर उचलून आणून बरोबर मध्ये उभी केली. बाबूंनी वळून पाहिलं आणि पोट धरून हसले.

"या पोरीनं माहा नकाशा बुडवला!" म्हणाले. आणि मग फळ्यावर जाऊन त्यांनी तुटक रेघ काढून दाखवली. जिथं आपण स्वतः मोजलं तिथं अखंड रेघ, जिथं नुसतं धरून चाललो तिथं तुटक. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की इथं काढणाऱ्यानं पाहिलेलं नाही. "हे विसराल तं तुमाले भूगोलात शून्य," असं दटावून ते परात घेऊन निघून गेले. त्या दिवसापासून जिलबी हा शब्द वर्गातून गेला.

म्हणजे या माणसाला हे ठाऊक होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं कचेरीत काही जण म्हणाले, बिचाऱ्याला कल्पना नसेल. कल्पना नसायला काय झालं होतं? त्यांच्याइतकी कोणाला नव्हती.

कोसंबीचा तलाव वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोलीच्या बाजूला. तिथं तेव्हा तलाव नव्हता, नुसता ओढा होता आणि दोन टेकड्या. मध्ये पाळ घातली की पाणी अडेल आणि खालच्या गावांना धानाच्या दोन पाण्यांची सोय होईल, असा बेत. त्या ओढ्याच्या काठी एका उंचवट्यावर ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, टोली होती, पंधरा-वीस कुडाची नि मातीची घरं. मोजणीच्या दिवसांत बाबूंचा मुक्काम त्या टोलीतच पडला होता. सोमाजी नावाचा ढिवर खुंट्या ठोकायला होता, आणि त्याची बायको भागाबाई साऱ्या तुकडीचं रांधायची. बाबू परत आले ते तिच्या हातच्या मरळीच्या रश्श्याचं गुणगान करत. इंदूवहिनीनं आठ दिवस ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "जा, तिथंच राहा जेवायले."

टोलीच्या मागं बांबूची रांजी होती, म्हणजे दाट बन, आत ऊनही शिरू नये असं. त्यात एक अस्वलीण पिल्लं घेऊन बसली होती. पिल्लंवाली अस्वलीण म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. मजुरांनी हात जोडले. "बाबू, वाघ असता तं आलो असतो. ते माय नाई येऊ देत." बनाच्या अलीकडून एक वाट कापली, पलीकडून एक कापली, दोन्हीकडं खुंट्या ठोकल्या, उंची घेतली. मधलं बन राहिलं. बाबू म्हणाले, राहू द्या, दोन टोकं तर मिळाली. कोणीही तेच म्हटलं असतं.

उन्हाळाभर ते कोसंबीचा नकाशा काढत होते. मी कधी कचेरीत गेले नव्हते, पण त्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवला. काय नकाशा होता! पाणी कुठवर येणार ती रेघ निळी, टेकड्यांना वळसे घेत घेत गेलेली, कुठं थरथर नाही की कुठं जाड-बारीक नाही. मोठ्या साहेबांनी तो काचेत घालून भिंतीवर लावला. टोलीचा उंचवटा निळ्या रेघेच्या बाहेर, कोरडा ठणठणीत. मी म्हटलं, "बाबू, दृष्ट लागेल." त्यांनी करंगळीची शाई कानामागं पुसली आणि लाजले.

पाळ झाली. तलाव पहिल्यांदा भरला तो पाऊस मला आठवत नाही. चांद्यात पाऊस म्हणजे कपडे न वाळणं, त्यापलीकडं आमचं लक्ष नसायचं. पण त्या पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, सोमाजी आणि भागाबाई आमच्या ओळीत आली. नदी ओलांडून, मोटारीनं. भागाबाईच्या डोक्यावर सुकटीचं गाठोडं होतं. बाबूंना पाहून तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माहेरी आली आहे.

सगळे ओट्यावर बसले. सोमाजी पंजे गुडघ्यांवर ठेवून बसला. तीच बोलली. तलाव भरला तेव्हा पुढून पाणी टोलीच्या खाली थांबलं होतं, सगळ्यांना हायसं वाटलं. मग एका सकाळी ते मागून आलं, बांबूच्या रांजीतून. बनाच्या आत जमीन खचलेली होती, जुना नाला होता, तेवढ्या वाटेनं पाणी वळसा घालून टोलीच्या परसात शिरलं आणि दिवाळीपर्यंत हललं नाही. चुली भिजल्या, भिंतींना ओल चढली.

"खालवट आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला?" मी मध्येच विचारलं. माझा स्वभावच तसा.

"खालवट तं ठाऊक होती बाई. पन तलाव कुठी होता तवा? जे पानी आलंच नाई, ते कुठवर चढंल हे कोनाले माहीत?" ती म्हणाली. आणि बाबूंकडं वळली. "आमी साहेबाकडं गेलो. जागा द्या म्हटलं दुसरी. साहेबानं नकाशा दाखवला. म्हने, तुमची टोली कोरडी आहे, बुडीतात येत नाई, जागा देता येत नाई. मी म्हटलं घरात या, पाहून घ्या. म्हने नकाशात नाई." मग अगदी सरळपणानं, मीठ मागावं तसं, म्हणाली, "तं बाबू, आमच्या घरात पानी येते, नकाशात नाई. तुमी नकाशात तेवढं पानी टाकून द्या नं."

बाबू हसले नाहीत. उठले आणि आत गेले. वहिनीनं पाहुण्यांना जेवू घातलं. ती दोघं निघताना बाबू दारात येऊन एवढंच म्हणाले, "पाहतो मी." भागाबाई समाधानानं गेली.

त्यांनी मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. मी ओट्यावर वह्या तपासत होते. ते येऊन पायरीवर बसले आणि माझ्याकडं न पाहता बोलू लागले.

"बाई, बनातली रेघ मी पेन्सिलीनं तुटकच काढली होती."

मी पेन खाली ठेवला.

"शाई भरायले बसलो. सारा नकाशा इतका चांगला उतरला होता. आन् मधातच तेवढी तुटक रेघ. नव्या लुगड्याले ठिगळ लावल्यावानी दिसे. मले पाहवेच ना. हात आला त्या जागेवर, आन् मी उचललाच नाई. सरळ ओढत गेलो." मग म्हणाले, "कोनी सांगितलं नव्हतं. साहेबानं नाई, कोनीच नाई. मले चांगली दिसली म्हणून."

मला राग आला. अस्वलाचा राग येईना, साहेबाचा येईना, या शहाण्या माणसाचाच आला. मी म्हटलं, "मग बसलात काय इथं? जा, सांगा साहेबाला. रेघ तुटक होती, तिथं मी मोजलेलं नाही, एवढंच तर म्हणायचं!"

"सांगतो," ते म्हणाले.

आणि सांगितलं नाही. लगेच नाही. त्याचं कारण होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. राज्य बदलायचं होतं. चांदा मध्य प्रदेशातून निघून मुंबईकडं जाणार, कोणाची नेमणूक कुठं, कोणाची जबलपूरला, कोणाची राहणार, कोणाची जाणार, सगळ्या कचेऱ्यांत माणसं जीव मुठीत धरून बसली होती. अशा वेळी कोणी आपणहून म्हणावं, की माझ्या हातून चूक झाली? इंदूवहिनीनं तर त्यांचे पायच धरले. "नेमणूक होऊ द्या, मंग काय सांगायचं ते सांगा. टोली कुठी पळून चालली?" पोरगी लग्नाची होती. बाबू रोज सकाळी डोक्यावर टोपी ठेवून, आज सांगतो, असं म्हणून जायचे आणि संध्याकाळी न सांगताच परत यायचे. मी विचारायचं सोडून दिलं. माझं ते बोलणं त्यांना टोचत असेल, असंही वाटायचं.

एकदा त्यांनी साहेबांपुढं विषय काढलाही, आडून. टोलीकडं पुन्हा एकदा मोजणी करू या का, म्हणाले. साहेब समंजस माणूस होता, ओरडला नाही. म्हणाला, "बोरकुटे, प्रत्येक नकाशात असं धरून चाललेलं असतं. एक रेघ अंदाजाची म्हटली की उद्या प्रत्येक गाव उठून विचारेल, आमची कोणती? मग तुमच्या साऱ्या नकाशांची किंमत काय राहील?" बाबू परत येऊन टेबलाशी बसले. समोर भिंतीवर कोसंबीचा नकाशा काचेत लटकत होता.

त्या वर्षी त्यांचं ते पालुपद बंद झालं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. वेळ विचारली की खिशातून घड्याळ काढायचे, पाहायचे, सांगायचे. पाऊस येईल का, म्हटलं तर म्हणायचे, "मले माहीत नाई." भाजी तिखट आहे का, तर आधी चाखायचे. सासूबाईंनासुद्धा चैन पडेना. "अरे, माझं वय काढ की रे पुन्हा," असं म्हणून त्यांनी छेडून पाहिलं. ते नुसते हसले आणि आत गेले.

भादव्यात तलाव पुन्हा भरला. मागच्या वर्षीच्या ओलीनं भिंती आधीच पोकळ झाल्या होत्या. सोमाजी कोपऱ्यातलं जाळं काढायला वाकला आणि मागची भिंत त्याच्या अंगावर आली. टोलीतल्या लोकांनी माती उपसली तेव्हा तो गेलेला होता.

ही बातमी कचेरीत एका शिपायाकडून आली. बाबू तसेच उठून साहेबांच्या खोलीत गेले. आत काय झालं ते नंतर सगळ्या चांद्याला कळलं, कारण दार उघडं होतं. त्यांनी भिंतीवरून तो काचेतला नकाशा काढून नेला होता. साहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "एवढ्या रेघेत मी गेलेलो नाई. हे मी मनानं काढली. खरी म्हणून काढली." साहेबांनी दार लावायला सांगितलं. बाबूंनी लावलं नाही. मग चौकशीला आलेल्या पंचांसमोर, मग वरच्या साहेबांसमोर, जो जो आला त्या त्या प्रत्येकासमोर ते तेच बोलले. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

हेड ड्राफ्ट्समनचे ते साधे ड्राफ्ट्समन झाले, त्यांच्या हाताखालचा माणूस त्यांच्यावर आला. पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढं दुसरीकडं झालं, पण ते वर्ष वहिनीचं फार वाईट गेलं. ती त्यांच्याशी बोलायची नाही आणि त्यांच्याविरुद्ध एक शब्द कोणाला बोलू द्यायची नाही. बाबूंना या कशाचंच काही वाटत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "केलंत ना शेवटी जे करायचं ते. आता जीव जाळू नका."

"उन्हाळ्यात केलं असतं तं केलं म्हटलं असतं, बाई," ते म्हणाले.

नव्यानं मोजणी झाली. अस्वलीण केव्हाच निघून गेली होती. टोली बुडीतात धरली गेली आणि त्याच तलावाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून जवळच, त्यांना जागा मिळाली. घरं उठली. जाळी पुन्हा पाण्यात पडू लागली. आणि सगळं सुरळीत झालं असं आम्ही धरून चाललो होतो, तेवढ्यात त्या टोलीहून दोन माणसं बोलावणं घेऊन आली. नव्या टोलीत मातामायची, म्हणजे गावदेवीची, स्थापना आहे, बाबूंनी सहकुटुंब यावं. आणि टोलीचं नाव बाबूटोली ठेवलं आहे.

वहिनी कौतुकानं रडायला लागली. ती माणसं सांगत होती, कचेरीत कोणा हरामखोर बाबूनं नकाशा चुकवला होता, आणि आमच्या बाबूंनी साहेबाशी भांडून, नोकरीवर पाणी सोडून, तो दुरुस्त केला. साऱ्या चांद्याला ठाऊक होतं, फक्त टोलीला ठाऊक नव्हतं. नदीपलीकडं जाता जाता गोष्ट अशी झाली होती.

बाबू जायला तयार नव्हते. मग एकदम तयार झाले. "सांगून येतो," म्हणाले. वहिनीला एकटीनं त्यांच्यासोबत जायचा धीर होईना, म्हणून मला घेतलं. मोटारीनं नदीपर्यंत, डोंग्यानं पलीकडं, पुढं बैलबंडी. तलाव दिसला तेव्हा वहिनी म्हणाली, "केवढं पानी!" बाबूंनी तिकडं पाहिलंच नाही.

टोलीनं आम्हाला डफडं वाजवत आत नेलं. पोरं "बाबूटोली, बाबूटोली" ओरडत पुढं धावत होती. भागाबाईनं पाय धुवायला पाणी आणलं. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. ती वाकली तसे बाबू मागं सरले. "नको भागाबाई. आधी ऐक. इकडं ये."

तिला ते घरामागं घेऊन गेले. वहिनीनं माझा हात घट्ट धरला, आम्ही दोघी कोपऱ्याशी उभ्या राहिलो. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"तो बाबू मीच हो. ते रेघ माही होती."

"कोनती रेघ?"

ते खाली बसले. बोटानं मातीत तलाव काढला, टोली काढली, बन काढलं. इथं मी गेलो होतो, इथं गेलो होतो, हे मधलं मी पाहिलेलं नाही. इथं रेघ मोडायची असते. मी मोडली नाही. चांगली दिसावी म्हणून. "आन् तू सांगायले आली तवा मले समजलं. त्याच दिवशी समजलं. मी पावसाळाभर चूप बसलो. नोकरीसाठी. सोमाजी तवा जिता होता."

भागाबाई मातीतल्या त्या रेघांकडं पाहत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं तिनं ओरडावं. पलीकडून डफडं ऐकू येत होतं, कोणीतरी तिला हाका मारत होतं, पानं वाढली म्हणून.

"कोनाले सांगितलं हे, टोलीतल्या?" तिनं विचारलं.

"तुलेच पह्यले. आता साऱ्याइले सांगतो."

"नाई." ती उभी राहिली. "सांगायचं नाई तुमी."

"भागाबाई, मले..."

"तुमाले हलकं वाटंल, होय ना? आमाले काय वाटंल?" तिचा आवाज चढला नव्हता. "या मानसाइले आता कुठी वाटून राह्यलं का सरकारात आपला एक मानूस आहे. लेकरं नाव सांगतेत टोलीचं. ते मी मोडू? माहा मानूस गेला, आता हेबी जाऊ देऊ?" तिनं पदरानं तोंड पुसलं, एकदाच, जोरात. "नाव तुमचं आहे. वागवा तुमी. जिते आहा तोवर वागवा. चला, जेवायले बसा."

ती पुढं निघून गेली. बाबू मातीत बसूनच होते. वहिनी गेली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं.

नव्या अंगणात पंगत बसली होती. बाबूंना मधोमध पाटावर बसवलं, बाकी सगळे जमिनीवर. सारी टोली त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ते पहिला घास घेतील तेव्हा बाकीचे जेवणार होते. त्यांचा हात भाताजवळ जाऊन थांबला. तेव्हा भागाबाई रश्श्याचं भांडं घेऊन त्यांच्यापुढं येऊन वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या नं बाबू, लाजता काऊन? आपलंच घर आहे." त्यांनी घास उचलला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते जेवत होते, आणि ती हसून हसून, आग्रह करून करून, त्यांना वाढत होती.